नळाच्या दिवशीचा अलार्म

लातूरला क्लासेसच्या भागात आमचं वसतिगृह होतं. तीन मजले, शहाण्णव पोरी आणि रेक्टर पार्वतम्मा. बाई मूळच्या देगलूरच्या. चिडल्या की तेलुगूत सुरू व्हायच्या. ते आम्हाला फार आवडायचं, कारण त्यातलं काही कळायचं नाही.

दर आठ-दहा दिवसांनी सकाळी सकाळी आगीचा अलार्म ठणाणा करायचा. आग कुठेच नसायची. पहिल्यांदा आम्ही जीव मुठीत धरून पळालो. चौथ्यांदा उशी कानावर ओढली. सगळ्यांनी खापर फोडलं स्वयंपाकघरावर. मालक अमृतरावांनी मिरच्या भाजणं बंद केलं आणि आमचा ठेचा गेला. अलार्म मात्र चालूच. शेवटी ते कावले, "आणखी एकदा वाजला की वायरच तोडतो."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "शहाण्णव लेकरं हायती माझ्या भरवशावर. उद्या खरंच लागली तर त्यांना उठवणार कोण?"

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. दुधाचा खाडा, नळाला पाणी आल्याचे दिवस, सगळं त्या त्यावर मांडायच्या. अलार्मच्या खुणाही तिथेच होत्या. चष्मा लावून बघितलं आणि बाई ओरडल्याच. प्रत्येक अलार्म नळाच्या दिवशीचा!

नळ यायचा आठवड्या-दहा दिवसांनी. त्या सकाळी झाडून सगळ्या पोरी कढत पाण्यानं डोकं धुणार, आणि बाथरूमचं दार सताड उघडं टाकून मैत्रिणीला हाका मारणार. सगळी वाफ पॅसेजमधल्या धुराच्या सेन्सरला, आणि तो वाफेलाच धूर समजायचा. बिचाऱ्या मिरच्या उगीच बदनाम झाल्या होत्या.

पुढच्या नळाला अलार्म पुन्हा वाजला आणि अमृतराव पक्कड घेऊन आले, तेव्हा बाईंनी उकळत्या पाण्याचं पातेलं स्टुलावर चढवून सेन्सरखाली ठेवलं. दोन मिनिटांत अलार्म वाजला.

"बगा मालक, हाय का कुठं आग? अलार्म चांगला हाय, जागा चुकली हाय."

मालकांनी पक्कड खिशात घातली. धुराचा सेन्सर जिन्याजवळ गेला, बाथरूमपाशी नुसत्या उष्णतेनं वाजणारा बसला. शेजारच्या दाल मिलची धूळ सेन्सरमध्ये साचायची, ती दर महिन्याला तंत्रज्ञाकडून साफ करून घ्यायची असं ठरलं. दार उघडं दिसलं की आम्हाला तेलुगू ऐकायला मिळायचं. आणि ताटात ठेचा परत आला!

अडीच महिने अलार्म गप्प होता. मग एका रविवारी भर दुपारी तो वाजला.

त्या दिवशी नळ नव्हता. कुणीही उशी शोधली नाही. मी अर्धी वेणी तशीच सोडून जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर गादीखाली चार्जिंगला लावलेला मोबाईल पेटला होता आणि खोलीतून काळा धूर येत होता. वेळीच कळल्यामुळे आग तिथेच विझवता आली; एक गादी आणि एक कपाट गेलं, बस्स.

अंगणात बाई प्रत्येकीच्या डोक्याला हात लावून मोजत होत्या. शहाण्णव भरल्या तेव्हा कुठे त्या मटकन खाली बसल्या. आम्ही त्यांच्याभोवती अशा टाळ्या पिटल्या की अग्निशमन दलाचा बंब फाटकातून आत आलेला कुणाला कळलाच नाही.