दुसरी बशी

सोपान मिस्त्री गेल्याला पाच आठवडे झाले. दहाव्याला इंद्रायणीच्या काठी माझ्यामागे कोणीतरी म्हणालं, "हात लय चांगला, पन प्यायचा ना..." मी मागे वळलो नाही. सोपान दारूला कधी शिवला नव्हता. हे मला ठाऊक होतं, आणि हे बोलणं कुठून सुरू झालं तेही.

मळवलीत त्याचं छोटं गॅरेज होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रोज दुपारी तिथल्या बाकावर बसायचो. एकदा एका बंगलेवाल्याची जीप आली. पुढच्या दाराची काच अडकली होती. सोपानने दाराचं आतलं पॅड उतरवलं, काचेचे बोल्ट नेहमीसारखे चहाच्या बशीत ठेवले, आणि काच तिरकी करून, भरलं ताट उचलावं तशी दोन्ही हातांनी बाहेर काढली. तेवढ्यात चहा आला. मला बशीतूनच प्यायची सवय. मी बोल्ट मुठीत घेतले, बशी पुसली. एक बोल्ट निसटला, खण्णकन वाजला आणि घरंगळत गेला. मी वाकलो नाही. उरलेले दोन नंतर बशीत टाकले.

काच परत बसवताना तो थांबला. "गुर्जी, तीन व्हते न्हवं? हितं एक भोक रिकामं ऱ्हातंय."

मालक घड्याळ बघत उभा होता. मी म्हणालो, "दोनच होते. मी पाहिले ना."

"तुमी म्हंता म्हंजी दोनच. आदीच पडला असंल."

दुसऱ्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात ती काच निसटून दारात फुटली. मालक दचकला, जीप कठड्यावर घासली आणि शेजारी बसलेल्या त्याच्या आईचा हात मोडला. संध्याकाळी तो गॅरेजवर येऊन सगळ्यांसमोर ओरडला, "पिऊन काम करतोस का रे?" मी त्याच बाकावर होतो. सोपानने माझ्याकडे एकदा पाहिलं... मी खाली बघितलं.

"चुकी माजी हाय, सायेब," तो म्हणाला. त्यानंतर बंगल्यांच्या गाड्या त्याच्याकडे यायच्या बंद झाल्या. मी मात्र जात राहिलो, चहा पीत राहिलो.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा आणला. कपाखाली एक बशी, शेजारी आणखी एक, रिकामी. मी विचारलं, "दोन कशाला?"

"त्यांनीच सांगून ठिवलंय. गुर्जी आले का त्यांची बशी येगळी द्यायची. ग्यारेजवर बी तसंच करायचे न्हवं?"

करायचा. त्या जीपनंतरच सुरू झालं होतं ते. इतकी वर्षं मी तो पाहुणचार समजत होतो... तो बोल्ट त्याला केव्हा सापडला, मला माहीत नाही.

मी वहिनींना सगळं सांगितलं. चहा कपातच निवला.