यमुनाबाईंनी परत पाठवलेलं संमतीपत्रक

नैतिकता समितीच्या इतिवृत्तात फक्त निर्णय लिहायचे असतात. निर्णयाआधी जे घडतं, ते माझ्या वहीच्या मागच्या पानांवर साचत गेलं. मी समितीची सचिव. वही आता मागूनच भरत आली आहे!

प्रस्ताव एकच होता, पण केवढा! सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी काढायच्या, त्यांतल्या जनुकात दुरुस्ती करायची आणि त्या परत शरीरात सोडायच्या. चंद्रपूरहून आलेली, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासणारी रेखा पहिल्या रुग्णांत होती. दुखणं उठलं की तिचा आठवडा अंथरुणात जायचा. आमची मंजुरी मिळेपर्यंत तिला थांबणं भाग होतं.

*

नियमानुसार समितीत एक सामान्य नागरिक लागतो. मी कोथरूडमध्ये शोध घेतला. पहिले गृहस्थ म्हणाले, "सामान्य? मी?" दुसऱ्यांनी मलाच अर्धा तास जनुकशास्त्र समजावलं. शेवटी मंडईत भाजीचा गाळा असलेल्या यमुनाबाई भेटल्या. "मला यातलं काही कळत नाही," असं म्हणणारी पुण्यातली ती पहिली व्यक्ती! मी तत्काळ नियुक्तीपत्र दिलं.

*

आमची एक पद्धत होती. संशोधक डॉ. बापटांनी संमतीपत्रक मोठ्याने वाचायचं आणि यमुनाबाईंनी ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. दोन्हींत फरक पडला, तर कागद परत!

पहिल्याच बैठकीत बाईंनी विचारलं, "डॉक्टर, केलेली दुरुस्ती नको वाटली, तर परत पहिल्यासारखं करता येतं का?"

"नाही. तसं स्पष्ट लिहिलंय. पान सतरा."

"सडका कांदा आम्हीसुद्धा पोत्याच्या तळाशीच घालतो, डॉक्टर!"

पान सतरावरचं ते 'नाही' पहिल्या पानावर आलं.

*

बातमी फुटली आणि फोन सुरू झाले. एक आयटीवाले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आमच्या होणाऱ्या बाळाची उंची थोडी ॲडजस्ट होईल? बीटा व्हर्जन चालेल!"

"गर्भाला हात लावण्यास मनाई आहे. शिवाय, बाळाला अनइन्स्टॉलची सोय ठेवलीत का?"

फोन कट!

*

दुसऱ्या मसुद्यात 'चोवीस तास उपलब्ध' असा मोबाइल नंबर होता. बाईंनी बैठकीतच तो लावला. "बंद आहे म्हणते." डॉ. बापटांनी खिशातून फोन काढला. "अहो, मीटिंगमध्ये मी बंद ठेवतो."

"म्हणजे पोरीला त्रास तुमच्या मीटिंगा बघून व्हायला हवा!"

कागद परत. संध्याकाळी रेखाचा फोन. "झाले का जी मॅडम, तुमचे स्वल्पविराम? मी इकडे चौथ्या दिवशी उठून बसली."

दुसऱ्या दिवशी मी तिलाच पुढच्या बैठकीचं निमंत्रण धाडलं.

*

तिसरा मसुदा. रेखाने तो ऐकला आणि एकही मुद्दा न गाळता परत सांगितला. अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश होते, वय पंच्याहत्तर. त्यांनी विचारलं, "काही शंका?"

"एकच, सर. पंधरा वर्षं दरवर्षी तपासणीला यायचं, असं लिहिलंय. मी येईन. तुम्ही असाल का?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

डॉ. बापट म्हणाले, "मी नसलो तरी संस्था असेल."

"संस्थेला फोन करून कोणाला सांगू, आज दुखतंय म्हणून?"

यमुनाबाईंनी हात पुढे करून संमतीपत्रक घेतलं, माझं पेन मागितलं आणि डॉक्टरांच्या नंबरखाली सावकाश आणखी एक नंबर लिहिला. "आमच्या गाळ्यावरचा फोन आहे. तीन पिढ्या तिथेच बसतोय. माझ्यामागे सून बसेल, तिला सांगून ठेवते. हे डॉक्टर कुठेही गेले तरी त्यांना शोधून आणू."

मसुद्यात हाताने भर घालता येत नाही, हे मी अध्यक्षांच्या निदर्शनास आणून दिलं.

"अगदी बरोबर, सचिवबाई," ते म्हणाले. "शिक्का आणा."