हवालदारांचं तिसरं वर्ष

गनी निरोप घेऊन आला तेव्हा मी वाडीत सुपाऱ्या वाळत घालत होतो. गनी आमच्या हॉकी क्लबाचा डावा फॉरवर्ड, मोहल्ल्यातला. एरवी कुंपणापलीकडूनच हाक मारायचा. त्या दिवशी फाटक उघडून थेट आत आला. "अण्णा, हवालदार गेले," म्हणाला. "पहाटे, फजरच्या नमाजाच्या सुमाराला." तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो, लाजायचं वय आता राहिलेलं नाही. डोळ्यांत पाणी नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की अहो, आत्ताच कुठे निघालात? तिसरं वर्ष अजून पुरं झालं नाही... आणि आता गावातल्या तोंडांना कोण आवरणार? त्यातलं सगळ्यांत मोठं तोंड दोन वर्षं माझंच होतं, म्हणून मला ही काळजी इतरांपेक्षा जास्त कळत होती. त्या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

हवालदार म्हणजे रामजी कदम. म्हसळ्याच्या आतल्या बाजूच्या एका खेड्यातले, भातशेतीच्या घरातले. पलटणीत गेले, जर्मनच्या लढाईतून जिवंत परत आले, आणि छावणीत गोऱ्या सोल्जरांबरोबर हॉकी खेळायला शिकले. पेन्शन घेऊन आमच्या श्रीवर्धनात राहायला आले ते बायकोचं माहेर इथलं म्हणून. बोलणं कमी. ऐकताना मान थोडी कलती ठेवायचे, कारण तोफांनी एक कान नेला होता. हातात कायम वेताची काठी. घरी असले की ती दाराच्या कोपऱ्यात उभी असायची आणि ओहोटीची वेळ झाली की भागूवहिनी ती उचलून त्यांच्या हातात द्यायच्या. ओहोटीचीच वेळ का, तर आमचं मैदान म्हणजे समुद्राची पुळण. पाणी मागे गेलं की ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते, तिच्यावर आमचा खेळ.

आता आमच्या क्लबाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते, तेव्हा पुढचा खांदा कुणाचा, मागचा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, हे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. क्लब निघाला तेव्हा भांडणं नकोत म्हणून जाणत्या माणसांनी खेळातल्या जागाही तशाच वाटून टाकल्या. सेंटर फॉरवर्ड वरच्या आळीचा, म्हणजे आमचा. गोलकीपर मोहल्ल्याचा. दोन हाफ कोळीवाड्याचे. पोरगा पळतो की लंगडतो हे विचारायचं नाही, मान म्हणजे मान! त्या मानापायी आम्ही शिमग्याआधीच्या ढालीच्या सामन्यात मुरुडकरांकडून सहा वर्षं ओळीने मार खाल्ला, तेव्हा कुठे आमचे अध्यक्ष नानासाहेब हवालदारांच्या दारी गेले. हवालदार म्हणाले, "तीन वरसं द्या मना. तवर गोल मोजू नका." आम्ही सगळ्यांनी जोरजोरात होकार भरला, पेढे वाटले. होकार भरायला काय जातं हो!

पहिल्याच दिवशी त्यांनी पोरांना पुळणीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं, आठवडाभर नुसतं पाहिलं आणि मग जागा सांगितल्या. गोलकीपर गनी डाव्या हाताला पुढे. आणि आमचा बाळू, माझा सख्खा पुतण्या, वरच्या आळीचा सेंटर फॉरवर्ड, ज्याने एकट्याने चेंडू नाचवत नेला की बायकासुद्धा माडीवरून टाळ्या वाजवायच्या, त्याला धाडलं मागे, फुलबॅकला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच विचारलं, "हवालदार, हा आमच्या आळीचा मान आहे, ठाऊक आहे ना?" त्यांनी मान कलती करून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अण्णा, पालखी नाचवायची हाय, का गोल मारायचाय?" पोरं फिसकन हसली. ते हसणं मी दोन वर्षं मनात जपून ठेवलं.

पहिल्या वर्षी एकही सामना जिंकला नाही. नव्याचे नऊ दिवस केव्हाच सरले. दुसऱ्या वर्षी पालीकरांशी बरोबरी झाली, आणि ढालीला मुरुडकरांनी आमच्याच पुळणीवर, आमच्याच माणसांदेखत पाच गोल चढवले. त्या संध्याकाळी कुणीतरी सुपारीच्या सालांची माळ हवालदारांच्या दाराला बांधली. ती माळ माझ्याच ओट्यावर ओवली गेली होती. मी हात लावला नाही, पण अडवलंही नाही. बायकोकडून तेव्हा फटकारा मिळाला होता. "पोफळ लावून सात वर्षं पाणी घालता, वर केळीची सावली धरता, तेव्हा नाही विचारत सुपारी कुठे म्हणून. माणसाकडूनच तेवढी पी हळद नि हो गोरी!" मी म्हटलं, तुला हॉकीतलं काय कळतं? ती म्हणाली, "पोफळीतलं कळतं."

पण ऐकतो कोण! मी तक्रारअर्ज लिहिला. हवालदारांना काढून जागा पूर्वीप्रमाणे मानाने द्याव्यात, असा. खाली तीस-चाळीस सह्या घेतल्या आणि नानासाहेबांकडे नेण्याआधी, पाठीमागून वार नको या ऐटीत, स्वतः हवालदारांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून काठीला तेल लावत होते. मी कागद पुढे केला. तो त्यांनी उलटसुलट पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. "मना वाचता येत न्हाय, अण्णा. सही तेवडी येती. तुमीच वाचा. जरा मोट्यानं, कान गेलाय माझा."

आयुष्यात इतकी फजिती माझी कधी झाली नाही. स्वतःचंच लिहिलेलं, मोठ्याने, त्या माणसाच्या तोंडावर, आणि आत चुलीपाशी वहिनी ऐकताहेत! 'गावाच्या अब्रूचे धिंडवडे' असा एक शब्दप्रयोग मी मोठ्या हौसेने घातला होता. तोही वाचावा लागला. प्रत्येक वाक्यानंतर हवालदार म्हणायचे, "बराबर." हरलेले सामने मी ओळीने लिहिले होते. ते संपल्यावर म्हणाले, "यक ऱ्हायला. पैल्या वरसी दिघीला बी हरलो हुतो. ल्हिवा." मी पेन्सिलीने दिघी घातली. अहो, काय करणार! मग म्हणाले, "कागूद खरा हाय. पन तीन वरसं म्हनला हुता, दोनच झाली. तिसरं वरीस झालं की ह्योच कागूद घेऊन या, मी सोताच्या हातानं सही करीन खाली. तवर माझ्यापाशी ऱ्हाऊंदे. आन् अण्णा, तुमी सामने बगता. ओहोटीला कदी आलाव?"

गेलो. खोटं कशाला बोलू, त्यांच्या चुका टिपायलाच गेलो. सराव संपला, पोरं खाडीच्या तोंडाशी पाय धुवायला गेली, आणि हवालदार मला घेऊन पुळणीच्या मधोमध आले. काठी खाली टेकवली. "वाचा."

"काय वाचू?"

"कागूद मना वाचता येत न्हाय, तुमी वाचलात. ह्ये तुमाला येत न्हाय, मी वाचतो."

खाली ओल्या वाळूत चेंडूच्या रेघा उठल्या होत्या आणि त्यांच्या आजूबाजूला पोरांची पावलं. मी जन्मभर त्या पुळणीवर हिंडलो, पण खेळ संपल्यावर वाळूकडे पाहावं असं कधी डोक्यात आलं नव्हतं. एका जागी वाळू नुसती तुडवलेली. "हितं पाच जनं यका चेंडवासाटी भांडली," हवालदार म्हणाले. "यका पाटावर पाच नवरं." मग काठी सरकवत सरकवत एका लांब रेघेवरून ते मला घेऊन गेले. सरळ रेघ, पंचवीस-तीस पावलं. तिच्या टोकाशी कुणाचीच पावलं थांबलेली नव्हती. डावीकडून पळत आलेल्या एका माणसाची पावलं तिला तिथे येऊन मिळत होती. "ह्यो गनी. बाळूनं मागनं मारला तवा तितं कोनच न्हवता. गनी येनार म्हून मारला. तुमच्या पुतन्याला सेंटरला असताना नुसता गोल दिसायचा, अण्णा. मागनं त्याला धा जनं दिसत्यात." मी बाळूला त्याच्या बारशापासून ओळखतो. त्याला दहा जणं दिसतात हे मला एका परक्या माणसाने वाळूवर काठी टेकवून सांगावं! पाणी वर येऊ लागलं, बघता बघता रेघ पुसली, आणि आम्ही दोघं वहाणा हातात घेऊन घरी आलो.

त्यानंतर मी एकही ओहोटी चुकवली नाही. दुपारचा चहा टाकून जायचो. हळूहळू मलाही वाचता येऊ लागलं. तुडवलेल्या जागा कमी होत गेल्या, लांब रेघा वाढत गेल्या. दसऱ्यानंतर तिसऱ्या वर्षाचे सामने सुरू झाले, त्यातले दोन हरलो. लोक म्हणाले, बघा. हवालदार म्हणाले, "रेघा सरळ झाल्यात, पन गोलापत्तुर पोचल्या न्हाईत. पोचतील." त्यांना आधीपासूनच खोकला होता, त्यात पौषातली थंडी छातीत शिरली. शेवटचं भेटलो तेव्हा ते घोंगडीत होते. मी त्या दिवशीच्या रेघा तोंडी सांगितल्या, कुठून कुठे, किती पावलं. डोळे मिटून ऐकत होते. झोप लागली असं वाटून उठलो, तर म्हणाले, "उजव्या अंगाचं न्हाय सांगितलं." उजव्या अंगाला त्या दिवशी सगळा गोंधळच होता, म्हणून मी गाळलं होतं. तेही सांगावं लागलं.

तेरावा झाल्यावर नानासाहेबांनी सभा बोलावली. मनाने माणूस चांगला, पण वाऱ्याबरोबर डोलणारा. म्हणाले, "हवालदारच राहिले नाहीत, तर त्यांची रीत कुणासाठी धरायची? ढालीला महिना आहे. जागा पूर्ववत करू. बाळू सेंटरला. काय अण्णा? तुमचीच तर मागणी होती, 'गावाच्या अब्रूचे धिंडवडे'!" सह्या करणाऱ्यांनी ते शब्द केव्हाच गावभर केले होते, सगळे हसले. बघा, आमच्या घरचा मान ताटात वाढून समोर आला होता. दोन वर्षांपूर्वी मी तो बोटं चाटून खाल्ला असता. मी उठलो. म्हटलं, "शब्द माझेच आहेत. आणि चुकलो तो मीच!" कुणीतरी विचारलं, अजून किती धीर धरायचा? मी म्हटलं, "धीर कधी धरलात? धीर म्हणजे घरी बसून शिव्या घालणं नव्हे. मी तेच करत होतो, म्हणून सांगतो. आंधळा विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाही. पुळणीवर या, डोळ्यांनी पाहा, रोज पाहा, आणि मग काय ते बोला. तीन वर्षं कबूल केली होती ती काय हवालदारांच्या नाडीला बांधून? ती या अकरा जणांना दिली होती. ते अकरा अजून जिवंत आहेत." मला वाटतं, मी जरा ओरडलोच. तेव्हा बाळू उठला, जो चारचौघांत कधी तोंड उघडत नाही. "मी मागेच खेळणार," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. नानासाहेबांनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "शिमग्यापर्यंत. त्याच्यावर एक दिवस नाही." मी म्हटलं, मागितलंही तेवढंच आहे.

परवा पालीकरांशी खेळलो. एका गोलाने हरलो. हरलो ते हरलो, लपवायचं काय त्यात! पण आमचा जो एक गोल झाला, तो बाळूच्या स्टिकपासून गनीच्या स्टिकपर्यंत आणि तिथून आत, मधे कुणी चेंडू नाचवला नाही. टाळ्या वाजवायला लोकांना सुचलंच नाही, इतका तो झटकन झाला. मला हवालदारांची फार आठवण आली. तिथेच उपरणं डोळ्यांना लावलं, आणि बाजूचे समजले की अण्णा हरल्याचं रडताहेत.

दुसऱ्या दिवशी भागूवहिनींकडे गेलो. त्यांनी हवालदारांची पत्र्याची पेटी पुढे ओढली, वरचा खाकी कोट बाजूला केला आणि चौघडी केलेला माझा कागद काढला. "शिमगा झाला की अण्णांना बोलवायचं, पुन्यांदा वाचून घ्यायचं, मंग सही करायची, म्हनलं हुतं. आता ऐकनार कोन? घ्या तुमचा तुमी. चुलीत घाला." मी कागद हातात घेतला. पेन्सिलीने लिहिलेलं 'दिघी' अजून स्वच्छ होतं. एवढा वेळ आवरून धरलं होतं, तिथे मात्र आवरलं नाही... थोड्या वेळाने मी तो तसाच घडी करून पेटीत कोटाखाली ठेवला. म्हटलं, "वहिनी, तिसरं वर्ष सरायचं आहे अजून. शिमगा झाला की येईन. जिंकलो तरी वाचीन, हरलो तरी वाचीन. ऐकायला तुम्ही बसा."

त्यांनी पेटी लावली, चावी कनवटीला खोचली. मग विचारलं, "आज ओहोटी कदी हाय?"

"चारला."

त्या उठल्या, दाराच्या कोपऱ्यातली वेताची काठी उचलली आणि माझ्या हातात दिली. "मंग बसलाव काय? जावा. पोरं आली असतील."