रविवारी बंद पडणारी गाडी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिमायतनगरच्या घरी शेंगा सोलत बसले होते. "गेले गं," एवढंच अक्का म्हणाली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. त्याला आता पाच आठवडे झाले. खूप रडून झालं. पण त्यांची आठवण निघाली की आधी हसूच येतं, कारण हा माणूस जाता जाता एक लढाई जिंकून गेला...

विद्यानगरच्या घरापुढे उभी असलेली जुनी पांढरी गाडी म्हणजे दाजींचा जीव की प्राण. मेकॅनिकला तिला हात लावू द्यायचे नाहीत. इंजिन तापलं की बॉनेट उघडायचे, डोळे मिटायचे आणि रेसचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत बसायचे. उभ्या गाडीचं इंजिन गुरगुरायलाही नको आणि विझायलाही नको, हा त्यांचा हट्ट. अक्काची नाडी कधी इतक्या मन लावून पाहिलीत का, असं मी चिडवायची. तिची रेस कमी करणारा अजून जन्मायचाय, असं ते म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. तीही फक्त रविवारी! मुलगा श्रीरंग नोकरीमुळे रविवारीच बरोबर असायचा. एकदा नारायणगुड्याला मागची बस अगदी अंगावर आली, तेव्हा त्यानं गाडी विकायचीच म्हणून धरलं. गिऱ्हाईकही शोधलं. आठवडाभर ती माझ्या हातात नीट चालते, असं दाजी परोपरीनं सांगत होते. त्यावर श्रीरंगनं न पटल्यासारखं आईकडे बघितलं. ते बघणं दाजींना फार लागलं. शेवटी ठरलं, येत्या रविवारी आबिड्सला जाऊन यायचं. एकदा जरी बंद पडली तरी किल्ली गिऱ्हाइकाला.

त्या रविवारी मी सकाळीच पोचले. श्रीरंग अजून उठायचा होता. दाजी बॉनेटमध्ये वाकलेले, इंजिन धापा टाकतंय आणि अक्का नळाखाली गोधडी चुबकतेय. दाजींच्या पायांना गार लागू नये म्हणून जुन्या लुगड्यांची ही जाड गोधडी तिनं शिवली होती, गाडीत पायाखाली घालायला. दाजी एकदम थांबले.

"ही तू धुवायला कधी काढतेस?"

"दर रविवारी. का हो?"

त्यांनी ती ओलीच उचलली आणि पुन्हा गाडीत अंथरली. इंजिन लगेच खणखणीत चालू लागलं. गोधडीची कड रेसच्या पॅडलवर चढून ते जरासं दाबून ठेवत होती. पॅडलची सळई कार्बोरेटर ओढायची, रेस वाढायची आणि आमचे कानावर भरवसा ठेवणारे दाजी स्क्रू कमी करत बसायचे. रविवारी गोधडी निघाली की इंजिनाचा आधारच जायचा! दाजी इतके हसले की मडगार्ड धरून उभे राहिले. मग गोधडी बाहेर काढली, सळई पुरती मागे येते ना ते हातानं पाहिलं आणि स्क्रू नव्यानं लावला.

नारायणगुड्याचा सिग्नल त्या दिवशी संपता संपेना. मागच्या सीटवर मी आणि अक्का श्वास रोखून बसलेल्या. इंजिन मात्र आपलं एका लयीत, शांत. आबिड्सला पोचल्यावर दाजींनी किल्ली श्रीरंगपुढे धरली. "आता तू चालव," म्हणाले, "म्हणजे माझ्या पायाची करामत वाटायला नको." परततानाही गाडी एकदाही विझली नाही. बिघाड काय होता, असं त्यानं विचारलं तर चूक माझीच, स्क्रू जास्त फिरवला होता, एवढंच सांगितलं. गोधडीचं नाव काढलं नाही. मी तोंड उघडणार, तोच माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

तेरावं झाल्यावर त्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "नै भाई, नै बेचना," म्हणून श्रीरंगनं फोन ठेवला आणि गाडीची किल्ली हातात घेऊन बसला. शेवटी मीच त्याला गोधडीची सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरले.

"म्हणजे बाबा खरंच सांगत होते, मावशी. आणि मला ते खोटं वाटलं."

अक्का त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्यावर राग असता तर भर आबिड्समध्ये गाडी तुझ्या हातात दिली असती का रे?"