फोन एकाच घरात वाजतो

शांताक्का गेल्याचं मला तिच्याच नंबरवरून कळलं. गुलबर्ग्याला संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी कॉम्प्युटरचं एका दिवसाचं प्रशिक्षण होतं. जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. तिचा नंबर बघून मी हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "कामून गं, दवाखान्यातनं पळून आलीस का काय?" पलीकडे तिचा भाऊ होता. तो म्हणाला, "बाई, अक्का न्हाई आता..." मी डबा बंद केला आणि बस पकडली. त्याला पाच आठवडे झाले.

बिदरजवळच्या भालकीतल्या एका छोट्या संस्थेत आम्ही दोघींनी जवळजवळ अठरा वर्षं बरोबर काम केलं. घरात मारहाण होणाऱ्या, नवऱ्याने टाकलेल्या बायकांना मदत करणं हे ते काम. मी मास्तरांच्या घरातली, बी. ए. झालेली, पत्रं, अहवाल, कचेरी माझ्याकडे. शांताक्का हळ्ळीखेडच्या धनगराच्या घरातली, सातवी शिकलेली, गावं तिच्याकडे. सुरुवातीला मी एकदा तिच्याबरोबर एका गावात गेले. ज्या बाईचा निरोप आला होता तिचं घर मला ठाऊक होतं, म्हणून मी सरळ तिकडे चालायला लागले. तिने मागून माझा पदर ओढला. "बाई, तू पोस्टमन हायस का?" मग ती मला गल्लीतल्या पहिल्याच घरात घेऊन गेली. घोंगडं विणायला लोकर मिळेल का, असं विचारत बसली. चहा घेतला. दुसऱ्या घरी पुन्हा लोकर, पुन्हा चहा. तिसरं घर त्या बाईचं. तिथे ती सगळ्यात कमी बसली; चुलीपाशी दोन शब्द बोलली आणि उठली. चौथ्या घरातली म्हातारी कानडीत "बर्री, बर्री", या या, म्हणत पुढे आली, तिच्याकडे मात्र अर्धा तास. परतताना माझं पित्त खवळलं होतं. ती म्हणाली, "ज्या घरात काम हाय तिथं कमी बसायचं. गाव घड्याळ बघतंय." इतकी वर्षं ती अशीच वागली. ती नेमकी कोणत्या घरासाठी आली होती, हे कोणत्याच गावाला कधी कळलं नाही.

गावागावांत मोबाइल आले तेव्हा सगळ्यात खूश मी होते. पुरुष पुण्या-हैदराबादला बांधकामावर जायचे, घरी एखादा फोन ठेवून जायचे. बायकांनी आम्हाला फक्त एक मिस्ड कॉल द्यायचा, आम्ही उलट फोन करायचा, ही योजना माझी. शांताक्काला ती पटली नव्हती.

"आन् सासूनं उचलला तर?"

"राँग नंबर म्हणायचं."

"सासवा येड्या हायत व्हय?"

मी हसले. जग पुढे जायलंय आणि ही लोकरीत अडकलीय, असं मी तिला तोंडावर म्हणाले होते.

पुढे जे घडलं त्यातल्या बाईचं नाव मी लिहिणार नाही, गावही नाही. तिचा नवरा सणाला पुण्याहून आला होता. त्या दिवशी शांताक्का दुसऱ्या गावाला गेलेली आणि तिचा फोन कचेरीत चार्जिंगला लावलेला. एक रिंग वाजून बंद झाली. मी दोन मिनिटांत उलट फोन केला. पुरुषाचा आवाज आला, "कोन?" राँग नंबर म्हणायचं हे मीच ठरवलेलं. पण दिवसभर कचेरीतला फोन उचलणारी मी, सवयीने संस्थेचं नाव सांगून मोकळी झाले. तो म्हणाला, "अस्सं..." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शांताक्का त्या गल्लीत गेली. त्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पोराबाळांसकट पुण्याला नेलं म्हनत्यात. आम्ही पोलिसांत तक्रार दिली, पुण्याच्या ओळखीच्या संस्थांना पत्रं लिहिली. पण कोणत्या बांधकामावर, कोणत्या पत्र्याच्या शेडात, काही पत्ता नाही. ती आजवर सापडलेली नाही. शांताक्का मला एकही वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. फक्त एकदा बसस्टँडवर, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, चहा चार घरी पिता येतंय. फोन एकाच घरात वाजतोय."

त्यानंतर तिने कोणालाही उलट फोन केला नाही. मिस्ड कॉल आला की नंबर बघायची आणि थेट बस धरायची. फोनमध्ये एकही नाव भरलं नाही, नुसते नंबर. कोणता कोणाचा, हे तिच्या डोक्यात. तेवढ्यात इकडे कचेरीत कॉम्प्युटर आला. वरून मदत देणाऱ्यांना प्रत्येक बाईचं नाव, गाव आणि फोटो हवा होता. माहिती भरली नाही तर काम झालंच नाही असं धरत. शांताक्का म्हणाली, "फोटू कामून? तिचं दुसरं लगीन लावायलाव का?" तिचे रकाने कोरे राहिले. तपासणीला आलेल्या पोराएवढ्या साहेबाने तक्ता उघडला, तर त्यात सगळ्यात कमी काम तिचं. तिचे पाय तेव्हा बसच्या प्रवासाने आणि साखरेच्या आजाराने सुजून खांबासारखे झाले होते. मी त्या साहेबासमोर तिच्या बाजूने बोलले, पण रकाने कोरे होते हे खरंच होतं.

शेवटची भेट बिदरच्या दवाखान्यात. तिचा फोन उशाशी होता. मी वही काढली आणि म्हणाले, "अक्का, कोणता नंबर कोणाचा ते सांग. तू घरी येईपर्यंत मी बघते." तिने वहीकडे बघितलं.

"तुला सांगितलं की तू लिवणार."

"न लिहिता पन्नास बायका ध्यानात कशा राहतील?"

"मला राहिल्यात की." मग डोळे मिटून म्हणाली, "परवा ये. पेन न आनता ये. एकेकीचं सांगते..."

मधल्या दिवसात मी प्रशिक्षणाला गेले. माहिती सुरक्षित कशी ठेवावी, हाच त्या सकाळचा विषय होता.

मला तिचा राग येतो, हे लपवत नाही. तिने कोणाचंही नाव फुटू दिलं नाही, आणि म्हणूनच त्यांतल्या एकीपर्यंतही आता पोहोचता येत नाही. पण लिहू दिलं असतं, तर ती नावं आज कुठे कुठे गेली असती, याचीही खात्री मी देऊ शकत नाही.

दहाव्यानंतर तिच्या भावाने फोन माझ्या हातात दिला. "बाई, ह्यो तुमच्या कामाचा." मी तो टेबलावर चार्जिंगला लावून ठेवते. गेल्या मंगळवारी दुपारी तो वाजला. एक रिंग आणि बंद. नंबर शेवटी सत्तेचाळीस. नाव नाही. कोणत्या गावची, घरात आत्ता कोण आहे, फोन कोणाच्या हातात आहे, काही माहीत नाही. जायचं म्हटलं तर कोणत्या बसमध्ये बसू? मी हिरव्या बटणावर अंगठा ठेवला... आणि उचलला. मग पुन्हा ठेवला. पाच वाजेपर्यंत मी कचेरीतून हलले नाही. तो पुन्हा वाजला नाही, आणि मीही फोन केला नाही.