माहेरवाशिणींची फेरी

"मॅडम, सही तेवढी करून टाका. संध्याकाळी पाळणा सुरू करायचाय," सरपंच म्हणाले. मी तेव्हा हातात पॉलिश पेपर घेऊन त्याच पाळण्याचा ताजा रंग घासून काढत होते. सरपंचांना ते दिसत होतं, पण त्यांची घाई काही कमी होत नव्हती.

करोनाचे निर्बंध नुकतेच उठले होते. शेवगाव तालुक्यातल्या त्या गावात दोन वर्षांनी जत्रा भरत होती. मास्क हनुवटीवर उतरले होते. गोडीशेव आणि रेवड्यांचे ढीग लागले होते. मी सरकारी खात्यात मेकॅनिकल इंजिनिअर. जत्रेतले मोठे पाळणे तपासून फिटनेस सर्टिफिकेट द्यायचं, हे माझं काम. ते मिळाल्याशिवाय पाळण्यात माणूस बसवता येत नाही. त्यामुळे जत्रेत माझ्याइतकी नकोशी पाहुणी दुसरी नसते.

पाळणा शांतवनभाऊंचा. वडिलांच्या वेळेपासून जिल्ह्यातल्या जत्रा करणारा हा माणूस. या गावात त्यांनी एक रीत पाळली होती. पहिली फेरी जत्रेसाठी आलेल्या माहेरवाशिणींची, आणि ती फुकट. त्या बायका दुपारपासूनच नटूनथटून पाळण्याजवळ उभ्या होत्या. दोन वर्षांत त्यांतल्या कित्येकींना माहेरचं तोंडही बघता आलं नव्हतं.

भाऊंनी हौसेनं सगळा पाळणा रंगवला होता. त्यांना काही लपवायचं नव्हतं, लग्नघर रंगवावं तसा तो रंगवला होता. पण वेल्डिंगचे जोडसुद्धा जाड रंगाखाली गेले होते आणि मला नेमके तेच बघायचे होते.

"द्या हिकडं. तुमचं हात खराब हुतील," भाऊ म्हणाले आणि आदल्या दिवशी लावलेला रंग स्वतःच काढायला लागले.

पाळण्याचा सगळा भार मधल्या शाफ्टवर येतो, म्हणजे ज्या आसाभोवती तो फिरतो त्यावर. आरे जिथं त्याला जोडलेले असतात, तिथं बारीक तडा गेला तर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जोडावर लाल डाय मारायचा, थोडं थांबून पुसून टाकायचा आणि वर पांढरा पातळ थर फवारायचा. तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो.

पहिले काही जोड स्वच्छ निघाले. मला बरं वाटत होतं. लोकांना वाटतं, आम्ही खोट काढायलाच येतो. मला तो पाळणा फिरायला हवा होता.

मग एका जोडावर लाल रेघ उमटली. केसाएवढीच, पण सलग.

"ह्ये काय हाय?" भाऊंनी विचारलं.

"तडा आहे, भाऊ."

"डाग आसंल. परत करून बगा."

मी पुन्हा केलं. रेघ पुन्हा तिथंच आली. लॉकडाऊन लागला तेव्हा पाळणा दुसऱ्या एका गावात अडकला होता आणि सगळा सांगाडा उघड्यावर पडून राहिला होता. गंज आतपर्यंत गेला होता.

"गावात वेल्डर हाय, बोलावू का?" सरपंच म्हणाले.

"वरून टाका मारून भागणार नाही. शाफ्ट उतरवून वर्कशॉपला न्यावा लागेल."

"मंग निम्मे डबे रिकामे ठिवू. हळू फिरवू."

"उरलेल्या निम्म्यांत कोण बसणार? तुमच्याच लेकी ना?" माझा आवाज चढला.

भाऊ जवळ आले. "मॅडम, एकच फेरी. ह्या बायांची. मंग बंद ठिवतो. दोन वर्सं करोनानं थांबवलं, आज तुमी नका थांबवू."

मी कागदावर 'नामंजूर' लिहून सही केली.

बायकांना सांगायला भाऊ स्वतःच गेले. कोणी कुरकूर केली नाही. एक जण म्हणाली, "आसू द्या मामा, म्होरल्या वर्षी बसू." मग त्या बांगड्यांच्या दुकानाकडे वळल्या. त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. गाडीत बसल्यावर मला रडू आलं.

शाफ्ट नागापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेला. तिथल्या माणसाचा फोन आला, "मॅडम, तडा पार आतपर्यंत गेलाय. हे त्या संध्याकाळीच तुटलं असतं." माझा जीव भांड्यात पडला. नवा शाफ्ट बसला, आरे पुन्हा जोडले गेले. मी भाऊंना आनंदानं फोन केला, की आता पाळणा उभा करा, सर्टिफिकेट देते.

"पाळना इकायला काढलाय, मॅडम."

"का? आता तर तो नव्यासारखा झालाय."

"व्हय, झालाय. पन त्यात कुनाला बसवायचं धाडसच हुईना. इतकी वर्सं बसवली, कदी भ्या वाटलं न्हाई. आता रिकामा डबा जरी दिसला, तरी मी तोंड फिरवतो. त्या दिवशी बाया बसल्या आसत्या की हो."

मी त्यांना खूप समजावलं. लोखंडाबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पाळणा परजिल्ह्यातल्या एकाला विकला. आता ते एका कंपनीत वॉचमन आहेत.

माझा निर्णय बरोबर होता. तशीच वेळ आली तर पुन्हा तोच घेईन. पण बरोबर निर्णयानंही एखाद्याचं नुकसान होतं आणि ते भरून देण्याची सोय कुठल्याच नियमात नसते, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी त्या गावाहून तपासणीसाठी अर्ज आला नाही. जत्रा भरली होती, पण तपासायला पाळणाच नव्हता.