धर्मा कोळ्याचा पाण्याखालचा मळा

शिवडीच्या कोळीवाड्यातला धर्मा कोळी काय काम करायचा हे मी गावी सांगितलं असतं, तर राजापुरात मला कुणी मुलगी दिली नसती. तो खाडीच्या तळाशी उगवणारं गवत मोजायचा. मासे नव्हे, गवत. आणि तो मोजायचा ते मी वहीत उतरवायचो. म्हणजे वेडेपणात निम्मी पाती माझी होतीच.

सन १८९७ च्या दिवाळीनंतर मी कोटातल्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. आमचे साहेब झाडपाल्याचे नादी. बंदर खोल करायला उपसलेला गाळ खाडीत नेऊन टाकायचा असं वरून ठरलं होतं, आणि तो कुठे टाकायचा हे आमच्या कचेरीनं सांगायचं होतं. साहेबांचं म्हणणं असं, की तळाच्या गवतात मासळी आणि कोळंबी अंडी घालते, तेव्हा गाळ टाकायचा तो गवत नसेल तिथे. त्यासाठी शिवडीपासून तुर्भ्याच्या डोंगरापर्यंतच्या त्या अफाट खाडीत बावीस जागा नेमल्या होत्या. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, सकाळी पाणी अगदी खाली गेलं, की प्रत्येक जागी गवत किती हात उंच आहे हे पाहायचं. वाढतंय की घटतंय, एवढाच प्रश्न. तीन वर्षं हे काम चाललं होतं. मधे पटकीपेक्षा वाईट तो गाठीचा ताप आला, माझ्या आधीचा कारकून गावी पळाला, काम थांबलं, आणि दिवाळीनंतर ती जागा मला मिळाली. राजापूरच्या शाळेत मी गणितात पहिला होतो. वर्गात आम्ही तिघे होतो, ही गोष्ट अर्जात लिहायची राहून गेली.

माझी खोली लालबागला. पहाटे उठून चालत शिवडीच्या धक्क्यावर जायचं, वही मांडीवर घेऊन बसायचं, आणि धर्माची होडी परत यायची वाट बघायची. होडीत मी चढत नसे. धक्क्यावर उभं राहून लाटा पाहिल्या तरी माझ्या पोटात ढवळतं. धर्मानं एकदा विचारलं, मास्तर, कोकणातला ना तू? मी म्हणालो, कोकणातला आहे, पण पाण्याच्या अलीकडचा. त्यावर तो हसला नाही. तो हसतच नसे.

मी काही मास्तर नव्हतो. पण हातात दौत-टाक दिसला की त्याच्या लेखी माणूस मास्तर होई.

धर्मा साठीचा असेल. काळा, सडसडीत, कमरेला रुमाल, डोक्याला लाल टोपी. कोळीवाड्यातली निम्मी घरं तापाच्या साथीनं रिकामी केली होती. काही माणसं मेली होती, काही पलीकडे उरणकडे गेली ती परतली नव्हती. धर्माच्या घराच्या दोन्ही बाजूंना कुलपं. त्याची बायको मंजुळा त्याच साथीत, आदल्या माघात गेली. मूल नव्हतं. जेवण काय करत होता देव जाणे. मी विचारलं तर म्हणायचा, व्हतंय.

होडी चांगली चार माणसांची, पण तो एकटाच जायचा. कुणी म्हणालं येतो बरोबर, तर नको म्हणायचा. होडीच्या पुढच्या टोकाशी एक फळी आडवी ठोकलेली होती बसायला. तिथे तो जाळंसुद्धा ठेवत नसे.

पाण्यात जागा कशी सापडते, हे मला त्यानंच समजावलं. जमिनीवर दगड पुरता येतो, पाण्यात काय पुरणार? म्हणून कोळी दोन रेघा धरतात. शिवडीच्या किनाऱ्यावर एक जुना दगडी खांब होता, आणि त्याच्या पाठीमागे लांब परळच्या अंगाला एका गिरणीचं धुराडं. होडीतून बघताना खांब आणि धुराडं एकामागे एक आले, की ती झाली एक रेघ. दुसरी रेघ तशीच तुर्भ्याच्या डोंगराची. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना कापतील ती जागा. मग लांब वासा तळाला टेकवायचा, वाकून दंड बुडेपर्यंत हात घालायचा, आणि गवताचा शेंडा कुठे लागतो ते वाशावर बोटानं धरून वर काढायचं. आठवीपासून पंधरावीपर्यंतच्या जागा सगळ्या या धुराड्याच्या रेघेवर होत्या, बाकीच्या नुसत्या डोंगरांच्या रेघांवर. तिथलं गवत सगळ्यांत दाट. कोळी त्याला मळा म्हणत.

धर्माला अक्षर येत नव्हतं, पण बावीसच्या बावीस आकडे तो तोंडपाठ आणायचा आणि धक्क्यावर उभा राहून एका दमात सांगायचा. मी लिहिलेलं मला पुन्हा वाचावं लागायचं.

आधीच्या कारकुनाच्या वहीत आठ ते पंधरा या जागांसमोर तीन हात, साडेतीन हात, चार हात असे आकडे होते. माझ्या वहीत पहिल्याच खेपेला धर्मा म्हणाला, आठवी, चिखल. नववी, चिखल. असं आठ वेळा. मी वर पाहिलं. तो खाडीकडे तोंड करून उभा होता.

“सगळं गेलं?” मी विचारलं.

“मंजुळा गेली, मळापन गेला,” तो म्हणाला. भाजी महागली असं सांगावं तसं. मग म्हणाला, सोळावी, दोन हात. आणि पुढे चालू.

सात खेपा तेच. मी सातही वेळा चिखल लिहिलं आणि खाली सही केली. साहेब आधी हळहळले, मग त्यांनी जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी शेजारी मांडले, आणि कागद वर पाठवला, की मळा आपोआप मेलेला आहे, सबब गाळ तिथे टाकायला हरकत नाही. शिमगा झाला की गाळ भरून नेणाऱ्या मोठ्या होड्या, म्हणजे पडाव, सुरू होणार. मी हे धर्माला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, मेलेल्यावर माती टाकतातच.

शिमग्याला पंधरा दिवस उरले असतील. अमावास्येची सकाळ. धर्मा खाडीत गेलेला आणि मी धक्क्यावर. गुणाजी नावाचा एक तरणा कोळी शेजारी जाळं सुकवत होता, त्यानं मला डिवचलं. कारकून, म्हातारा म्हणतो मळा सुकला, मग आमच्या बायका रोज पाट्या भरभरून कोळंबी कुठनं आणतात, तुमच्या कचेरीतनं?

मी हसण्यावारी नेलं. पण ते पोटात राहिलं. पुढच्या अर्ध्या तासात मी वहीचं पान तीनदा उलटसुलट केलं.

धर्मा आला. आकडे झाले. मी सहज विचारावं तसं विचारलं, बाबा, ते धुराडं कुठलं हो? त्यानं परळकडे बोट केलं. “त्यो धूर निगतोय ना, त्योच.”

मी तिकडे पाहिलं. धूर एकाच धुराड्यातून निघत होता, हे खरं. पण धुराडी दोन होती. लालबागला राहत असल्यानं मला ती चांगली ठाऊक. डावीकडची गिरणी साथीत माणसं पळाली तेव्हापासून बंद. तिचं धुराडं थंड, वर्षभर त्यावर कावळे बसलेले. धूर येत होता तो उजवीकडच्या गिरणीचा. दोन्हींत चांगलं शंभर पावलांचं अंतर, आणि ते खांबावरून आडवं खाडीत गेलं की किती होईल याचा हिशेब करायला राजापूरची शाळा पुरे होती.

“बाबा, तिथे दोन आहेत,” मी म्हणालो. “पूर्वीपासून रेघेचं कुठलं, डावं की उजवं?”

त्यानं डोळे बारीक करून परळकडे पाहिलं. मग होडीच्या काठावर बसला.

“डावं,” तो म्हणाला. “मना धूर दिसतो, मास्तर. धुराडं नाय दिसत.”

त्यानंतर त्यानं जे सांगितलं ते तुटक तुटक, मधे मधे दोरी गुंडाळत. चार वर्षांपासून त्याला लांबचं दिसत नव्हतं. डोंगर दिसे, कारण डोंगर कुणालाही दिसतो. बाकी सगळं पाण्यातनं बघितल्यासारखं. साहेबाचं काम आलं तेव्हा त्यानं हो म्हटलं ते मंजुळेच्या भरवशावर. कोळ्यांत बायका होडीत चढून काम करत नाहीत. बायकांचं काम बाजारात. म्हणून ती पाटी घेऊन घरातनं निघायची, तिवरांच्या वळणापाशी जायची, आणि तो तिला तिथनं होडीत घ्यायचा. ती पुढच्या फळीवर बसायची, खांब आणि धुराडं बघायची, आणि आलं म्हणायची. तो वासा टाकायचा आणि हात घालायचा. असं तीन वर्षं. वाड्याला कळायचं ते कळलंच. लोक म्हणाले, बायको होडीत घेतोस, उद्या मासळीची पाटी तू घे डोक्यावर. त्यानं ऐकून घेतलं. साहेबाला मात्र कधी कळू दिलं नाही.

ती गेल्यावर त्याला वाटलं, रेघ आता हाताला पाठ आहे. आणि तळाला चिखल लागला तेव्हा त्याला जराही नवल वाटलं नाही. असंच होणार होतं, असं त्याला वाटलं. सातही वेळा.

मला माझी सही दिसायला लागली. सात सह्या. मी म्हणालो, बाबा, असं करू. गेल्या सालचे आकडे मी घेतो, थोडे इकडे तिकडे करतो, आणि गवत पुन्हा उगवलं असं लिहितो. पडाव थांबतील. तुमचं काम राहील, माझंही राहील. कुणाचं काय जातं?

तो माझ्याकडे बघत म्हणाला, “गवत तुझ्या वहीत वाडतं व्हय?”

मी वही मिटली. हेडक्लार्क माझ्याशी चार महिन्यांत कधी इतक्या थोडक्यात बोलला नव्हता.

खरं सांगायचं म्हणजे काय गमवायचं, हे दोघांनाही कळत होतं. माझी नोकरी गेली असती तर मी राजापूरला परतलो असतो, वडलांची बोलणी खाल्ली असती, कुठेतरी चिकटलो असतो. त्याला परत जायला काही नव्हतं. पंधरा दिवसांतनं एकदा त्या होडीत बसून त्या रेघेवर जायचं, एवढंच राहिलं होतं. पण न सांगावं तर मळा गाळाखाली जाणार. बावीसही ठिकाणी मंजुळा त्याच्यासमोर बसलेली होती; आठ ठिकाणी पडाव येणार होते.

दुसऱ्या दिवशी तो स्वच्छ धुतलेली बंडी घालून माझ्याबरोबर कोटात आला. सगळ्या वाटेत दोन शब्द बोलला, तेही ट्रामच्या घोड्याबद्दल. कचेरीत हेडक्लार्कनं मासळीच्या वासाबद्दल नाकाला रुमाल लावला. धर्माला खुर्ची कुणी दिली नाही, त्यानं मागितली नाही.

साहेबांना मोडकंतोडकं मराठी येत असे. तरी मी भाषांतर करून सांगायला उभा होतो. गरज पडली नाही.

“मना लांबचं दिसत नाय,” धर्मा म्हणाला. “तीन वर्सं माझी बायको बगायची, मी हात घालायचा. ती मेली. या सालचं मळ्याचं समदं चुकीचं हाय. मास्तरचा दोष नाय.”

साहेबांनी विचारलं, आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, कोण बगतो असं कुणी इचारलं नाय.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी वर पाठवलेला कागद थांबवला. पौर्णिमेला गुणाजीला दुर्बीण देऊन पाठवलं, आणि मला सांगितलं, या वेळी तू होडीत बसशील. मी बसलो. धक्का दिसेनासा व्हायच्या आत मी खाडीला माझं सकाळचं सगळं अर्पण केलं. गुणाजी इतका हसला की पहिली रेघ चुकला. पण आठव्या जागेवर त्यानं वासा टाकला आणि माझा हात धरून खाली पाण्यात बुडवला. थंडगार, निसरडं, दाट गवत बोटांत भरलं. साडेतीन हात. पंधरावीपर्यंत तसंच. मळा जिवंत होता. तो कुठे गेलाच नव्हता.

गाळ पुढे दुसरीकडे टाकायचं ठरलं. माझी नोकरी राहिली, पगारवाढ तेवढी दोन वर्षांनी पुढे गेली. साहेबांनी धर्मासाठी निरोप दिला, की गुणाजी बघेल, म्हाताऱ्यानं पूर्वीसारखा हात घालावा, काम सोडू नये. मी तो निरोप मोठ्या आनंदानं घेऊन शिवडीला गेलो.

धर्मानं ऐकून घेतलं. गुणाजी कुठे बसेल, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हणालो, पुढच्या फळीवर, दुसरी जागा कुठे आहे?

“मंग नको,” तो म्हणाला.

मी समजावलं. वय सांगितलं, पोटापाण्याचं सांगितलं, शेवटी थट्टाही करून पाहिली. तो नको म्हणाला ते नकोच राहिलं. होळी झाल्यावर होडी त्यानं गुणाजीला देऊन टाकली आणि माझगावला बहीण गंगूबाई राहत होती तिच्याकडे गेला. तिथे गोदीजवळच्या एका चाळीत खाली बसून तो लोकांची जाळी दुरुस्त करी. जाळ्याला लांबचं बघावं लागत नाही.

वैशाखात मी एकदा गेलो. रविवार होता, आणि मुंबईत माझं ओळखीचं असं दुसरं कुणी नव्हतं, हेही सांगून टाकतो. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवलेलं. मी आलोय हे त्याला पावलांवरून कळलं असावं. त्यानं मान वळवली नाही.

“किती हाय?” त्यानं विचारलं.

मी पहिल्या जागेपासून सांगायला लागलो. वही बरोबर नव्हती, पण या खेपेचे बावीसही मला पाठ होते. आठवी, चार हात. नववी, चार. दहावी, साडेचार. त्याच्या हातातली सुई थांबलेली होती. बाविसावी झाली तशी ती पुन्हा चालायला लागली.

गंगूबाईनं मला पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. जा असं कुणी म्हणालं नाही.